यादवीतली घरची पत्रे

आज आपण सैनिकाने यादवी युद्धातून घरी लिहिलेल्या पत्रांविषयी बोलणार आहोत. विषय ऐकला की वाचलेल्या माणसाला आधी अमेरिका आठवते, आणि ते साहजिक आहे. 1861 ते 1865 या चार वर्षांत तिथे उत्तर आणि दक्षिण आपसात लढली. दोन्ही बाजूंचे लाखो शिपाई लिहिता-वाचता येणारे होते, टपालखाते चालू होते, आणि पत्रे उघडून वाचणारा सरकारी माणूस सहसा मध्ये नव्हता. त्यामुळे घरोघरी पत्रांचे गठ्ठे राहिले. सलिव्हन बॅलू नावाच्या मेजरने जुलै 1861 मध्ये बायकोला लिहिलेले पत्र तर जगभर माहीत झाले. ते पत्र टपालात पडलेच नाही. लिहिल्यावर आठवड्याभरात तो लढाईत जबर जखमी झाला, नंतर मेला, आणि पत्र त्याच्या सामानात सापडले.

आता प्रश्न असा की आपल्याकडे असे काही आहे का? आहे. अमेरिकेच्या शंभर वर्षे आधीचे आहे, मराठीत आहे, मोडीत लिहिलेले आहे आणि छापूनही निघालेले आहे. मिरजेच्या पटवर्धनांचे दप्तर. पटवर्धन म्हणजे पेशव्यांचे सरदार. घरातली तीन-चार माणसे एकाच वेळी वेगवेगळ्या मोहिमांवर, आणि वडीलधारे मिरजेला. छावणीतून मिरजेला पत्र, मिरजेहून छावणीला पत्र, एका भावाचे दुसऱ्या भावाला पत्र. पानिपतानंतरची जवळपास चाळीस वर्षे हा व्यवहार चालू होता. आणि या चाळीस वर्षांत मराठ्यांचे मराठ्यांशी युद्ध एकदा नाही, पुन्हा पुन्हा झाले.

आधी शब्दाचे बघू. 'सिव्हिल वॉर'ला हल्ली आपण गृहयुद्ध म्हणतो. तो बनवलेला शब्द आहे, वाईट नाही. पण आपला जुना शब्द 'यादवी'. महाभारताच्या मौसलपर्वात प्रभासक्षेत्री यादव जमले, प्याले, जुन्या उखाळ्यापाखाळ्या निघाल्या, आणि किनाऱ्यावरचे गवत उपटून त्यांनी एकमेकांना मारले. त्या गवताचे मुसळ झाले असे व्यासांनी सांगितले आहे. कृष्ण तिथेच होता. म्हणजे आपल्या भाषेने या प्रकारच्या युद्धाला नाव दिले ते एका घराण्याच्या आडनावावरून. 'सिव्हिल' म्हणजे नागरिकांचे, 'यादवी' म्हणजे एका कुळाचे. हा फरक आम्ही पांडित्य म्हणून सांगत नाही. आपली पत्रे वाचताना तो पदोपदी आडवा येतो.

इथे मेडशीत बसून हे बोलताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू. अकोल्याहून निघालो, पातूरचा घाट चढलो, मेडशीवरून मालेगाव आणि पुढे वाशीम. पायनघाटातून बालाघाटात येण्याची ही वाट. फौजांना वाटा लागतात, आणि वाटेवरच्या गावांना फौजा भोगाव्या लागतात. नागपूरकर जानोजी भोसले 1772 साली वारले. त्यांना मूल नव्हते. भाऊ मुधोजी यांचा मुलगा रघुजी दत्तक ठरला, पण जानोजींच्या पत्नी दर्याबाईंनी दुसरे भाऊ साबाजी यांची बाजू घेतली. मग दोघे भाऊ लढले. एक लढाई इथून जवळच, अकोल्याजवळच्या कुंभारीला झाली. तिचा निकाल लागला नाही. शेवटची नागपूरजवळ पाचगावला, 26 जानेवारी 1775 रोजी. साबाजींची सरशी होत होती. भावाला धरावे म्हणून त्यांनी आपला हत्ती मुधोजींच्या हत्तीवर घातला. मुधोजींनी पिस्तूल झाडले. साबाजी जागच्या जागी गेले.

ही गोष्ट नागपूरची असली तरी तिचे दुसरे टोक पुण्यात आहे. साबाजींना पुण्याच्या बारभाईंचा आधार होता, मुधोजी रघुनाथरावांकडचे. म्हणजे पुण्यात काका-पुतण्याचे भांडण आणि नागपुरात भावाभावाचे, ही दोन्ही भांडणे एकमेकांना सरपण पुरवत होती. म्हणून आज आपण पुण्या-मिरजेकडे जाणार आहोत, पण वऱ्हाड सोडून जाणार नाही.

तारखा थोड्या सांगाव्या लागतील, कंटाळू नका. पानिपत जानेवारी 1761. नानासाहेब पेशवे जूनमध्ये गेले. माधवराव सोळा वर्षांचे असताना पेशवे झाले. काका रघुनाथराव, म्हणजे दादासाहेब, ज्यांची फौज अटकेपर्यंत जाऊन आलेली. त्यांना वाटले कारभार आपल्याकडे राहील. पुतण्या काही बाहुले होऊन बसेना. 1762 मध्ये काका रागावून पुण्याबाहेर पडले, निजामाची मदत घेऊन आले. 7 नोव्हेंबरला घोडनदीवर लढाई झाली, आणि 12 नोव्हेंबरला आळेगावला दुसरी. माधवरावांच्या बाजूने गोपाळराव पटवर्धन होते, त्रिंबकराव पेठे होते, ज्यांना सगळे मामा म्हणत. आळेगावला हार झाली, आणि सतरा वर्षांचे पेशवे स्वतः उठून काकांच्या गोटात गेले आणि स्वाधीन झाले. राज्य मोडण्यापेक्षा आपण वाकावे असा हिशेब त्यांनी केला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. आम्हीही मानतो. पण ज्यांनी त्यांच्यासाठी तलवार धरली होती त्यांचे पुढे काय, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नव्हता. त्याकडे येऊच.

आता पत्र हातात घेऊ. पत्राचा साचा ठरलेला. वर 'श्री'. मग ज्याला लिहायचे त्याचे पद आणि नाव. धाकट्याने थोरल्याला लिहिले तर साष्टांग नमस्कार, थोरल्याने धाकट्याला लिहिले तर आशीर्वाद. इथले कुशल जाणून तुमचे कुशल लिहीत जावे. मग 'विशेष', आणि तिथून खरा मजकूर. शेवटी 'हे विनंती' किंवा 'हे आशीर्वाद'. तारीख बहुधा मुसलमानी महिन्याची, चंद्राच्या दिवसाची. पत्र कारकुनाने लिहायचे. स्वतःच्या हातचे असेल तर ते 'स्वदस्तूर'. ही पत्रे न्यायला टपालखाते नव्हते. जासूद होते, काशीद होते. जासूद बहुधा जोडीने जात. एक अडकला, मारला गेला, आजारी पडला तर दुसऱ्याने पुढे जावे.

म्हणजे बॅलूने एकट्याने तंबूत बसून बायकोला लिहिले तसे इथे होत नाही. पत्र सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, नेणारे दोघे, आणि मिरजेला पोचल्यावर ते चारचौघांत वाचले जाणार. अशा पत्रात माणूस रडत नाही. त्यात काय असते? धान्याची धारण काय झाली. वैरण मिळते की नाही. मुक्काम किती कोसांवर. कोण फुटला, कोण फुटायच्या बेतात आहे. शिलेदार पैशासाठी कसे मागे लागले आहेत. कोणाला ताप आला. घोडी किती पडली. आमचे काही विद्यार्थी म्हणायचे, सर, यात भावना कुठे आहे? आम्ही त्यांना सांगायचो, वैरणीच्या वाक्यात बघा. घोडा उपाशी आहे हे वडिलांना सांगणारा मुलगा आपण किती दिवस टिकू हेच सांगत असतो. सरळ सांगितले तर कारकून ऐकतो.

पण आम्हाला ज्या गोष्टीने या पत्रांशी बांधून ठेवले ती वेगळीच आहे. ती व्याकरणातली आहे, हसू नका.

अमेरिकेच्या यादवीत दोन्ही बाजूंनी एकमेकांना नावे ठेवली. उत्तरेचा शिपाई दक्षिणेच्या माणसाला 'रेबेल' म्हणे, दक्षिणेचा उत्तरेच्या माणसाला 'यांकी'. नाव ठेवले की काम सोपे होते. समोरचा माणूस त्या नावाखाली झाकला जातो. आता मराठी पत्रे बघा. आपल्या पेशव्याविरुद्ध निजामाला घेऊन आलेल्या, आपल्या माणसांवर तोफा डागणाऱ्या माणसाला या पत्रांत काय म्हणतात? दादासाहेब. श्रीमंत दादासाहेब. आणि क्रियापद आदरार्थी बहुवचनी. दादासाहेब आले, दादासाहेब गेले, दादासाहेब चालून आले. हैदरासाठी, मोगलांसाठी जी भाषा लेखणीवर सहज येते ती इथे येत नाही. काका-पुतण्यांचा समेट झाला की लगेच दोघे मिळून 'उभयतां श्रीमंत'. शिवी नाही, टोपणनाव नाही.

हे निव्वळ शिष्टाचार म्हणून सोडून देता येईल. काही अभ्यासक तसे सोडूनही देतात: दरबारी रीत, दुसरे काय. आमचे मत निराळे आहे. रीत असते हे खरे, पण रीत माणसाला धरूनही ठेवते. मराठीत क्रियापदाला आदर जोडावाच लागतो किंवा काढून घ्यावा लागतो. मधली जागा नाही. 'तो आला' म्हणायचे की 'ते आले', हे प्रत्येक वाक्यात ठरवावे लागते. लढाईच्या दिवशी, माणसे पडत असताना, कारकुनाने लेखणी उचलली आणि 'आले' लिहिले. म्हणजे समोरचा अजून घरातला आहे, हे लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्यात कबूल केले. उद्या समेट झाला तर याच पत्राचा कागद कोणाच्या हाती पडेल ही भीतीही त्यात आहेच, आम्ही नाकारत नाही. भीती आणि आदर एकाच प्रत्ययात बसले आहेत. त्यांना वेगळे काढता येत नाही, हीच तर यादवीची जात.

आणखी एक आहे. इंग्रजीत 'वुई' एकच. आपल्या भाषेत दोन: 'आम्ही' आणि 'आपण'. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटले की तो आत येतो. परक्याशी युद्ध असते तेव्हा हे दोन शब्द आपापल्या जागी शांत असतात. यादवीत ती जागाच हलते. आळेगावच्या आधी गोपाळरावांच्या छावणीत 'आपण' म्हणजे कोण? माधवराव आणि त्यांची माणसे. आळेगावच्या दुसऱ्या दिवशी? माधवराव तर काकांच्या गोटात. आता 'आपण' कोण?

हा प्रश्न गोपाळरावांना फार दिवस पडून राहू देण्यात आला नाही. रघुनाथरावांच्या हाती कारभार आल्यावर त्यांनी पुतण्याच्या माणसांचे हिशेब चुकते करायला घेतले. पटवर्धनांकडे मिरज होती. मिरजेला किल्ला. 1763 च्या आरंभी रघुनाथरावांनी मिरजेला वेढा घातला. किल्ल्यात कोण? गोपाळरावांचे वडील गोविंद हरि. वृद्ध माणूस. मुलगा बाहेर, बाप आत.

इथे जरा थांबू. आपण विषय काय म्हणालो होतो? सैनिकाने युद्धातून घरी लिहिलेली पत्रे. युद्ध तिकडे, घर इकडे, मध्ये पत्र. ही मांडणी परक्या युद्धाची आहे. पहिल्या महायुद्धात आपली माणसे फ्रान्समध्ये लढली, मेसोपोटेमियात लढली, त्यांनी घरी पत्रे पाठवली. तिथे तीच मांडणी लागू पडते. युद्ध समुद्रापलीकडे, आणि घर जिथल्या तिथे. यादवीत ही मांडणीच मोडते. मिरजेला वेढा पडला त्या दिवशी घर हेच रणांगण झाले, आणि सैनिक उघड्यावर सुरक्षित. पत्राचा रस्ता उलटा फिरला. काळजी करणारा मुलगा, आणि तोफांखाली बसलेले वडील. 'तुमचे कुशल लिहीत जावे' हे ओळखीचे, घासून गुळगुळीत झालेले वाक्य त्या आठवड्यांत काय वजनाचे झाले असेल!

आणि वेढा कोणाच्या नावाने पडला होता? पेशव्यांच्या. पेशवे कोण? माधवरावच. कारभार दादासाहेबांचा, पण गादी माधवरावांची. ज्याच्या बाजूने आपण दोन महिन्यांपूर्वी लढलो त्याच धन्याच्या नावाने आपल्या बापाच्या घरावर तोफा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मिरज पडली. गोपाळराव निजामाकडे गेले.

शालेय पुस्तकांची भाषा इथे तयार असते: फितुरी. आम्ही हा शब्द पुसायला सांगणार नाही. कारण पुढे काय झाले ते तितकेच खरे आहे. त्याच वर्षी निजामाची फौज पुण्यावर आली. पुणे लुटले, जाळले. लोक बायकापोरे घेऊन किल्ल्यांवर आणि रानोमाळ पळाले. पर्वतीच्या देवांनाही झळ लागली. आणि त्या फौजेच्या बाजूला गोपाळराव होते, आपले नागपूरकर जानोजीही होते. पुण्यात ज्याचे घर जळले त्याला मिरजेच्या वेढ्याची हकिकत सांगून काय उपयोग? त्याच्या दृष्टीने फितुरीच ती. पण क्रमाने पत्रे वाचत आलेल्या माणसाला तो शब्द एकट्याने पुरत नाही. धनी स्वाधीन झाला, घर धन्याच्या नावाने गेले. यात निष्ठा ठेवायची कोणाशी, हे सांगणारा शब्द फितुरी म्हणणाऱ्यांकडे नव्हता. आम्हाला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात आणि त्या एकमेकींना खात नाहीत. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला अशा वेळी मधला मार्ग काढून द्यायचा मोह होतो. इथे तसा मार्ग नाही.

10 ऑगस्ट 1763 ला गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. जानोजी आधीच फुटून परत आले होते. पटवर्धनही परत आले, मिरज परत मिळाली, आणि त्यानंतर गोपाळराव मरेपर्यंत माधवरावांचे खंदे सरदार राहिले. माधवरावांनी डूख धरला नाही. आम्हाला वाटते, आळेगावला आपण स्वाधीन झालो त्याची किंमत कोणी मोजली हे त्यांना ठाऊक असावे.

आता पुन्हा वऱ्हाडात येऊ. 1768 मध्ये रघुनाथराव पुन्हा उठले. जूनमध्ये धोडपला त्यांचा पराभव झाला आणि ते शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले. या उठावात जानोजी भोसल्यांचे त्यांच्याशी सूत होते. म्हणून त्याच वर्षीच्या अखेरीस माधवराव वऱ्हाडावर निघाले. काका-पुतण्याच्या भांडणाचा हिशेब आपल्या मातीत चुकता झाला, असे म्हणा ना. नागपूर लुटले गेले. जानोजी गनिमी काव्याने चंद्रपूरच्या रानाकडे झुकले. त्यांच्या पाठलागावर जे सरदार होते त्यांत गोपाळराव पटवर्धन. म्हणजे मिरजेच्या घराला छावणीतून येणारी पत्रे आता आपल्या मुलखातून जात होती. 23 मार्च 1769 ला कनकापूरचा तह झाला. पूर्वी पुण्यावर दोघे मिळून गेलेले गोपाळराव आणि जानोजी सहा वर्षांनी एकमेकांच्या मागे-पुढे धावत होते. ही गंमत नाही मंडळी, पण मनात आल्यावाचून राहत नाही.

गोपाळराव 1771 साली वारले. वडील गोविंद हरि अजून हयात होते. तेही त्याच वर्षी गेले. वेढ्यातून सुटलेला बाप मुलाचे मरण बघायला राहिला.

पुढचे थोडक्यात. 30 ऑगस्ट 1773 ला नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि यादवी पुन्हा पेटली. 26 मार्च 1774 ला पंढरपूरजवळ कासेगावला त्रिंबकमामा रघुनाथरावांच्या फौजेशी लढताना जखमी होऊन पुढे मेले. मग रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, आणि भांडण घरचे उरले नाही. पटवर्धनांपैकी परशुरामभाऊ मोठमोठ्या मोहिमांतून वाचले आणि सप्टेंबर 1799 मध्ये पट्टणकुडीला कोल्हापूरकरांशी लढताना मारले गेले. ज्यांनी श्रीरंगपट्टण पाहिले त्यांना मरण आले ते घरापासून दोन मजलांवर, मराठ्यांच्याच हातून.

इतका वेळ आपण सरदारांविषयी बोललो. तुमच्यापैकी कोणी मनात म्हणत असेल की सर, सैनिक कुठे आहे? बरोबर आहे. साध्या स्वाराची पत्रे या दप्तरात नाहीत. त्याला लिहिता येत नव्हते, आणि त्याच्यासाठी जासूदजोडी कोण पाठवणार? अमेरिकेच्या आणि आपल्या पत्रांत हा मोठा फरक आहे, तो झाकून उपयोगाचा नाही. पण तो स्वार सरदाराच्या पत्रात येतो. कसा येतो ते बघा.

घोडेस्वार दोन प्रकारचे. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारचा. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा त्याचा स्वतःचा. शिलेदाराची सारी पत त्या जनावरात. मोहिमेवर निघताना त्याला नालबंदी म्हणून काही पैसे आगाऊ मिळत, बाकी पगार तुंबलेला. घोडा पडला तर शिलेदाराचा बारगीर व्हायचा, किंवा पायी घरी यायचा. आता लढाईनंतरचे पत्र घ्या. त्यात अमक्याचे घोडे ठार, तमका जखमी असे येते. आपण ते ओझरते वाचतो. त्या गावात, मग ते मिरजेकडचे असो की वाशीमकडचे, त्या एका ओळीचा अर्थ एक घर एक पायरी खाली गेले असा होता. परक्या शत्रूशी लढून हे झाले तर निदान लुटीची आशा. यादवीत समोरचाही शिलेदारच, त्याचाही पगार तुंबलेला, आणि आठवड्याने दोन्ही धनी एका पंगतीला बसणार. पगारासाठी स्वार सरदाराच्या दारात धरणे धरून बसत, उपाशी बसत आणि सरदारालाही उपाशी ठेवत. पत्रांत पैशाचा जो सारखा घोष आहे तो सरदाराच्या हावेचा नाही. तंबूबाहेर बसलेल्या माणसांचा आवाज सरदाराच्या पत्रात घुसला आहे. आम्ही तरी तो तसाच ऐकतो.

आणि मेलेल्यांचे? 'बालपरवेशी' हा शब्द दप्तरात येतो. लढाईत पडलेल्याच्या मुलांच्या पोषणासाठी दिलेली नेमणूक किंवा जमीन. यादवीत पडलेल्याला बालपरवेशी कोण देणार? ज्याच्या बाजूने पडला तो जिंकला तर तो. हरला तर मूल वाढवायला आई, मामा आणि गाव.

हे सगळे आपल्याला कळते ते एका शाळामास्तरामुळे. वासुदेवशास्त्री खरे. जन्म 1858 चा, गुहागरचे. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवायचे, नाटके लिहायचे, कविता करायचे. मिरजेला पटवर्धनांच्या घरी रुमालांत बांधलेली मोडी पत्रे पडून होती. शास्त्रीबोवांनी ती वाचायला घेतली आणि 1897 पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' नावाने छापायला सुरुवात केली. त्यांच्या हयातीत बारा खंड झाले. 1924 साली ते गेले, त्यानंतरही काम पुढे चालले.

हे काम कसले होते याची कल्पना द्यावी म्हणतो. पत्रावर महिना असतो, चंद्र असतो, वर्ष नसते. कशाला असेल? लिहिणाऱ्याला वर्ष माहीत, वाचणाऱ्याला माहीत. घरच्या पत्रावर आपण तरी सन कुठे घालायचो? मग शास्त्रीबोवांनी हजारो पत्रांतली प्रत्येक उचलायची, तिच्यात कोणाचे आजारपण आहे, नदीला पूर आहे का, कोण अजून जिवंत आहे, कोणता मुक्काम आहे, ते पाहून वर्ष ठरवायचे आणि शेजारच्या पत्राशी ताडून बघायचे. एखाद्या पत्रात दादासाहेब आपल्या बाजूला आहेत की विरुद्ध, यावरूनही वर्ष ठरते. आणि यादवीत तोच पुरावा दगा देतो, कारण ते दर दोन वर्षांनी बाजू पालटतात, आणि व्याकरण मात्र तेच राहते: दादासाहेब आले.

वऱ्हाडातल्या कागदांना असा मास्तर फारसा लाभला नाही. पण इथल्या जुन्या वाड्यांत, देशमुख-देशपांड्यांच्या, पाटील-कुळकर्ण्यांच्या घरी मोडीचे रुमाल अजून निघतात. बहुतेक जमिनीचे, वाटणीचे, देण्याघेण्याचे असतात, पण मधेच एखादे पत्र असते. कोणाच्या घरी असे काही असेल तर घड्या जबरदस्तीने उलगडू नका, चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये पक्के बंद करून घेऊ नका. कोऱ्या सुती कापडात बांधून ठेवा. आणि उद्या सकाळी इथे घेऊन या. आम्ही दुपारच्या एसटीपर्यंत मेडशीतच आहोत, आणि चष्मा बरोबर आणला आहे.